कलम लागलं म्हणाले होते

डॉक्टरांनी मला फसवलं. माझ्या धाकट्या बहिणीला नाही, फक्त मला.

आम्हा दोघी बहिणींना जन्मापासून एकच आजार. कातडीचा वरचा थर खालच्या थराला धरून ठेवणारं प्रथिन आमच्या शरीरात नीट बनत नाही. जरा घासलं की फोड, फोड फुटला की जखम. शाळेत बाकाच्या कडेने, घरी फ्रॉकच्या शिवणीने. हातांनी कष्टाचं काही जमायचं नाही हे कळलं, तेव्हा मी तोंडाच्या जोरावर जगायचं ठरवलं आणि नाहूर-मुलुंडकडे भाड्याच्या घरांची एजंट झाले. घरमालक माझ्या नावाने बोटं मोडतात आणि किल्ल्या माझ्याकडेच आणून देतात. जिला घासलेलं सोसत नाही ती घासाघीस करून जगते, हा विनोद माझा मीच करते. दुसऱ्याने केला तर खपवून घेत नाही.

या आजारावर नवा उपचार निघालाय हे मी शोधून काढलं. हेलपाटे मी घातले, भांडले मी, आणि दोघींचा नंबर लावून घेतला. आमच्या कातडीचा छोटा तुकडा काढायचा, त्यातल्या पेशींमध्ये बरोबर जनुक सोडायचं, प्रयोगशाळेत त्या पेशींची पातळ चादर वाढवायची आणि ती आमच्याच अंगावर लावायची. जागा दोघींनी एकच मागितली, उजवं मनगट. कारणही एकच. आम्ही कधी काचेच्या बांगड्या घातल्या नव्हत्या.

पट्टी उघडली तेव्हा डॉक्टर मनगटाकडे बघून हसले आणि म्हणाले, "ताई, कलम लागलं!"

डॉक्टर आमच्याच बाजूचे, कोकणातले. माझे वडील गिरणीत होते. सुट्टीला गावी गेले की रायवळ आंब्यावर हापूसचं कलम बांधायचे. कलमाच्या डोळ्याला कोंब फुटला की म्हणायचे, "कलम लागला, आता बगूक नको." आणि खरंच बघायचे नाहीत. त्या झाडांचे आंबे आज माझी भाचरं खातात. आमच्याकडे कलम लागलं म्हणजे विषय संपला.

मी हॉस्पिटलातून थेट घाटकोपरच्या बांगडीवालीकडे गेले. हात दाबू नको, मोठं माप दे म्हटलं. तिने हिरव्या बांगड्या अलगद सरकवल्या आणि भाव सांगितला. मी ऐकून घेतला आणि तेवढाच दिला. आयुष्यात पहिल्यांदा.

गणपतीत आरतीला टाळ वाजवताना बांगडीखाली काहीतरी ओलं लागलं. बघितलं तर फोड. मग शेजारी दुसरा. मी दहिसरला बहिणीला फोन लावला.

"तुझं कसं आहे गं?"

"झकास, ताई. काल सगळी भांडी मी घासली. तुझं?"

तिच्या बांगड्या फोनमध्ये वाजत होत्या. मी फोन ठेवून दिला.

डॉक्टरांनी मनगटाचा पुन्हा छोटा तुकडा काढून तपासला. मी बहिणीला सोबत नेलं होतं.

"काही पेशींत जनुक अजून आहे, ताई," डॉक्टर म्हणाले, "पण ते गप्प झालंय. बाहेरून आलेलं जनुक पेशी कधी कधी बंद करून टाकते."

"म्हणजे भाडेकरू घरात आहे, पण दार उघडत नाही."

"अगदी तसंच. शिवाय कातडी सारखी झडून नवी येते. ती येते तळाशी असलेल्या थोड्याशा मूळ पेशींमधून. जनुक त्या पेशींत बसायला हवं, आणि बसून बोलत राहायला हवं. तरच टिकतं. तुमच्या बहिणीचं टिकलंय."

"आणि माझं नाही टिकणार हे तुम्हाला माहीत होतं?"

"टिकेलच असं सांगता येत नाही, हे मी आधी सांगितलं होतं."

सांगितलं होतं, खरं आहे. पण ते सांगितलं इंग्रजीत. एक्स्प्रेशन, सायलेन्सिंग, असलं काहीतरी. 'लागलं' हे मराठीत सांगितलं.

"मग हिच्या मनगटाची कातडी घ्या आणि मला लावा," मी म्हटलं.

"दुसऱ्याची कातडी तुमचं शरीर ठेवून घेणार नाही, ताई. सख्ख्या बहिणीचीही नाही."

"नाहीतर मला चालली असती हं," बहीण लगेच म्हणाली. तिने एकदा तरी कां कूं करायला हवं होतं. मग मला तिच्यावर मनासारखं चिडता आलं असतं.

पुढच्या वेळी ती माझ्या घरी आली ती मोकळ्या मनगटाने. पर्स टेबलावर टाकली आणि पर्स किणकिणली.

"काढल्यास कशाला?"

"अगं, उकडतं ना."

"बांगड्यांनी उकडतं? घाल आधी."

"राहू दे ना, ताई."

"घाल म्हणते ना!"

तिने पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढून सोडली आणि एकेक बांगडी चढवली. मी चहा ठेवला. ती कप विसळत होती आणि मी तिच्या मनगटाकडे बघत होते. एक फोड यावा, छोटासा. ती माझी बहीण आहे, तिला मी लहानपणी सुईने फोड फोडून मलम लावलेलं आहे, आणि मी तिथे उभी राहून तिला फोड यायची वाट बघत होते. आला नाही. कप विसळून झाले.

आता डॉक्टर म्हणतात, पुन्हा करून बघू, या वेळी मूळ पेशी जास्त मिळतात का पाहू. मी कातडी देईन. मनगट तेच देईन. पण त्याआधी मला एक हिशेब हवा आहे.

डॉक्टर, त्या दिवशी तुम्हाला 'चिकटलंय' म्हणता आलं असतं. 'सध्या बरं दिसतंय' म्हणता आलं असतं. तुम्ही 'कलम लागलं' म्हणालात. दुसरा कुणी म्हणाला असता तर मी सोडून दिलं असतं. तुम्ही आमच्याकडचे, त्या शब्दावर आमची माणसं काय समजून बसतात हे तुम्हाला ठाऊक होतं. मग का म्हणालात? मला उत्तर द्या, आणि मराठीत द्या.