जिन्यातल्या दिव्याला नमस्कार

घरात नवा कॉम्प्युटर आला होता आणि माझा तोरा त्याच्याहूनही नवा होता. बिबवेवाडीत तेव्हा वीज सारखी जायची. दर वेळी तोच वायरमन यायचा. फ्यूज बसवायचा आणि जिन्यातला दिवा लागला की चपला काढून हात जोडायचा.

एकदा मी ठसक्यात म्हटलं, "अहो, दिव्याला कसला नमस्कार? उशीर केलात, त्याची माफी माझ्याकडे मागा!" एवढी अक्कल होती मला.

तो दिव्याकडेच बघत म्हणाला, "बाई, ही वीज धरणाची. त्या पाण्याखाली आमचं गाव हाय, देऊळ हाय. नव्या गावात अजून तार न्हाई आली. आई म्हणती, डोळं मिटायच्या आत एकदा घरात दिवा लाव."

मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. पुढे तो दिसेनासा झाला. त्याच्या आईने दिवा पाहिला की नाही, कोण जाणे.

आता आमच्या गच्चीवर सौर पॅनेल आहेत. संध्याकाळी जिन्यातला दिवा लागला की मी चपला काढते. नात हसते, "आजी, ही वीज उन्हाची आहे. नमस्कार कुणाला?"

"नमस्कार नाही गं," मी म्हणते. "उशीर झाला, त्याची माफी मागतेय."