पहिल्या पानावरची पऱ्हाटी

देवळीजवळच्या आमच्या सोयातेलाच्या कारखान्यात एक कामगार बॉयलर सांभाळायचा आणि मी ऑफिसात टायपिंग करायचो. त्याची बहुतेक वाक्यं ‘पाहून घ्या’ने संपायची. वर्षभर तो साहेबांच्या मागे होता, “लोकं कपाशीची पऱ्हाटी शेतात जाळून राह्यले, अन् आपन कोळसा कायले आनतो, पाहून घ्या.”

एका सकाळी साहेब हो म्हणाले. कोळशाऐवजी पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचल्यावर उरलेली वाळकी झाडं, भट्टीत गेली. वाफेचा काटा रोजच्या खुणेवर पोचला आणि मी, टायपिंगवाला, चक्क साहेबांच्या पाठीवर थाप मारली. ते हसतच होते.

मुख्य कचेरीला जाणाऱ्या पुढच्या वर्षाच्या योजनेत मी ते उत्साहाने टाइप केलं. पर्यावरणाच्या कामांची जागा नेहमीचीच, शेवटच्या पानावर, वृक्षारोपणाच्या खाली.

तो मुद्दाम पाहायला आला. “आपली पऱ्हाटी कुठं हाय?”

मी पान दाखवलं.

“इथवर कोन वाचत येते, बाबूजी?” त्याने ते पान ओढून गठ्ठ्याच्या वर ठेवलं. कोपऱ्यात त्याच्या अंगठ्याचा काळा ठसा उमटला.

मी घाईने नवा कागद मशीनला लावला. साहेबांनी थांबवलं, आणि त्या ठशाच्या खाली सही केली.