बुनोकताईचा न दुखणारा गुडघा

कोरियातल्या जेजू बेटावर आम्ही बाया श्वास रोखून समुद्रात बुडी मारतो आणि शंख काढतो. बुनोकताई माझी जोडीदारीण. एकटीने पाण्यात उतरायचं नाही, हा आमचा नियम. वर आल्यावर श्वास सोडताना तोंडातून निघणारी तिची शीळ मी एकोणचाळीस वर्षं ऐकली. पाण्यात तिला कोण धरणार! खडकांवर मात्र उजवा गुडघा तिचा जीव काढायचा. मग गावच्या दवाखान्यात जाऊन ती 'हाडाची सुई' घ्यायची. सगळ्याच घेतो. ती सुई म्हणजे स्टिरॉइड, हे फार उशिरा कळलं.

शेवटी शहरात ऑपरेशन झालं. सकाळी नेलं, संध्याकाळी घरी. गुडघ्यातली फाटलेली गादी शिवली होती. दुखू नये म्हणून डॉक्टरांनी तिथेच स्टिरॉइड दिलं आणि बजावलं, "आजी, दुखणार नाही, पण टाके कच्चे आहेत. सहा आठवडे उकिडवं बसायचं नाही, ओझं तर नाहीच."

आम्ही माना डोलावल्या. पण आमच्यात दुखलं तर गोळी घ्यायची आणि नाही दुखलं तर पाण्यात जायचं, एवढंच ठाऊक.

तिसऱ्या दिवशी शंख काढण्यावरची हंगामी बंदी उठली. किनाऱ्यावरच्या शेकोटीपाशी ताई रबरी सूट घेऊन हजर!

"अगं, घरी बस की!" कुणीतरी ओरडलं.

"एक कळ नाही, चुन्जा," ती मला म्हणाली. "वीस वर्षांत पहिल्यांदा! त्या डॉक्टर पोराच्या हाताला गुण आहे बघ."

मी अडवायला हवं होतं. मी म्हणाले, "मग चल की म्हातारे, का डोली मागवू?" मेली माझी जीभ! ताई आली नसती तर जोडीविना मलाही घरी बसावं लागलं असतं, हे खरं कारण.

भरलेली जाळी पाठीवर घेऊन खडक चढताना ती मटकन बसली. "आत काहीतरी सुटलं गं," एवढंच म्हणाली. औषध उतरलं दुसऱ्या दिवशी, तेव्हा तिचं ओरडणं गल्लीभर ऐकू आलं.

डॉक्टर म्हणाले, शिवायला आता काही उरलं नाही. इतक्या वर्षांच्या सुयांनी आतलं आधीच झिजवलं होतं. समुद्र कायमचा बंद.

आता मी दुसऱ्या जोडीदारणीबरोबर उतरते आणि ती खुर्चीत बसून आम्ही आणलेले शंख निवडते. काल मला लंगडताना पाहून तिने मनगट धरलं.

"दुखतोय?"

"हो गं. सुई घेईन उद्या."

"नको, चुन्जा. दुखू दे. दुखतोय तोवर तो तुझा आहे."

मी हो म्हणाले. आज सकाळी सुई घेऊन आले. उद्या समुद्रावर जायचंय.