जिलेबी परत पाठवणारे मामा

बालसदनाला देणगी द्यायला निघालेला माणूस वाटेतच घाबरावा, असा विश्वस्त औरादच्या सगळ्या मुलखात एकच, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. बाजारातले कापडवाले असोत की बीदरचे डॉक्टर, लेकाचा वाढदिवस आला की यांना बालसदनातल्या पोरांना जिलेबी खाऊ घालायची हौस येते. एका रविवारी तीन वाढदिवस एकदम आले. पोरांनी तिन्ही वेळा गोड खाल्लं आणि सोमवारी निम्मं बालसदन पोट धरून बसलं. तेव्हापासून मामा फाटकातच उभे राहू लागले. "जिलेबी घरी न्या," ते म्हणायचे, "वाढदिवस वर्सातनं एकदा येतो, पोरायला भूक रोज लागतीय. द्यायचंच आसंल तर पोतंभर तूर द्या." माणसं रागवायची. एकाने तर टोपली तिथेच ठेवून मोटार पळवली. मामांनी ती रिक्षात घालून त्याच्या घरी पोचती केली आणि रिक्षाचं भाडंही त्याच्याच गळ्यात मारलं.

तूर हवी होती डाळगिरणीसाठी. शहरातून येणारी मदत बंद झाली होती. बालसदन मिटलं तर तिथली तीस पोरं तीन जिल्ह्यांतल्या संस्थांत वाटली जाणार होती. तशी यादीही आली होती, आणि तीत दोघी सख्ख्या बहिणी वेगवेगळ्या गावांना पडल्या होत्या. ती यादी वाचून मामांना दोन दिवस घास गेला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी मामींना न विचारता दारातल्या दोन्ही म्हशी विकल्या आणि डाळ भरडायचं एक जुनं यंत्र आणून बालसदनाच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवलं. मामी आठवडाभर त्यांच्याशी भिंतीमार्फत बोलत होत्या.

तूर मिळवायची त्यांची रीत तर जगावेगळी. रास निघाली की हे सकाळीच खळ्यावर जाऊन बसत. मागत काहीच नसत. एकदा मीही सोबत गेलो आणि लाजेने अर्धा झालो. शेतकऱ्याने विचारलं, "अण्णा, कामून आलाव?"

"काय न्हाई. बसलोय."

दुपारपर्यंत बिचाऱ्याला भाकरी गोड लागेना. शेवटी त्याने स्वतःच पोतं भरलं, आणि ते गाडीपर्यंत वाहायचं काम जावयाकडे आलं. वाटेत मामा म्हणाले, "मागितलं की माणूस न्हाई म्हणतो, जावईबापू. नुसतं बसलं तर काय म्हणंल?"

दोन हंगाम असे गेल्यावर गिरणीने अंग धरलं. बालसदनाची डाळ आठवडी बाजारात जाऊ लागली, खानावळवाले आगाऊ सांगून ठेवू लागले. आता बालसदन सांभाळणाऱ्या ताई आणि तिथेच वाढलेल्या दोन मुली रोख पैसे देऊन तूर घेतात. ती यादी रद्द झाली. दोघी बहिणी एकाच वर्गात नाहीत, पण एकाच ताटात जेवतात.

परवा ताई मामांना मायेने म्हणाल्या, "अण्णा, लई पायपीट केलीत. आता घरी आराम करा."

मामांनी हे मला मोठ्या अभिमानाने सांगितलं. "जमलं बघा, जावईबापू. गिरणी झ्याक चालायलीय. आता त्यायला कुणाचीच गरज न्हाई." एवढं बोलून ते उगाच चष्मा पुसत राहिले.

अजूनही ते सकाळी टोपी घालून निघतात, बसस्टँडपर्यंत जातात आणि तिथूनच परत फिरतात. कुठे गेला होतात, असं मामी विचारत नाहीत. चहा तेवढा पुढे ठेवतात.