नाव उमटायला लागलेला वेळ

ताईच्या साखरपुड्याच्या सीडीत थोरल्या काकांचं नाव तिसरं आलं, आणि लग्नाला नऊ दिवस उरले असताना काकांनी देवक आणायला नकार दिला.

आमच्या कुळाचे देव थोरल्या घरी असतात. लग्न कुणाचंही असो, थोरल्या घरातलं जोडपं देवक घेऊन मांडवात येतं, मगच हळद लागते. ते आलं नाही तर भावकीतलं कुणी मांडवात पाय ठेवत नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरी त्या सीडीतली नावं मीच लावली होती.

तेव्हा मी मुरबाडला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमचं घर डोळखांबच्या पुढे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मला जे येतं ते खरंच येतं की नाही, हे विचारायला घरात कुणी नव्हतं. मामाकडे राहायचे. दुपारनंतर बाजारातल्या एका दुकानात जायचे, तिथे लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग चालायचं. दुकानवाल्या दादाने मला टायटल करायला शिकवलं होतं. पडद्यावर नाव एकदम आदळू द्यायचं नाही, हळूहळू आणायचं. फेड इन करायचं तर नावाची ओपॅसिटी, म्हणजे ठळकपणा, शून्यावर ठेवायची आणि तीन सेकंदांनी शंभरावर न्यायची. मधलं सगळं कॉम्प्युटर भरून काढतो. नाव आधी धुक्यासारखं दिसतं, मग पिवळं होतं, मग वाचता येतं. मला ते फार आवडायचं.

ताईच्या सीडीचं टायटल दादाने पूर्ण माझ्यावर सोडलं. पहिलं नाव वडिलांचं टाकलं. दुसऱ्या नावाला हात थांबला. मामीच्या हातचा डबा बाजूलाच ठेवलेला होता. मी मामाचं नाव टाकलं, त्यानंतर थोरल्या काकांचं, मग धाकट्या काकांचं. एकेका नावाला चार सेकंद दिले, तीन उमटायला आणि एक थांबायला.

एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. पत्रिकेत नाव तिसरं असलं, तरी पत्रिका हातात घेतल्या घेतल्या ते तिथे असतं. माणूस आधी आपलं नाव शोधतो, मग बाकीची वाचतो. पडद्यावर तसं नसतं. तिसऱ्या नावाची पाळी येईपर्यंत ते नाव कुठेच नसतं.

काकांनी ती सीडी वाशिंदला, ताईच्या सासरी पाहिली. ते लग्नाच्या तयारीचं बोलायला गेले होते. व्याह्यांनी कौतुकाने शेजारपाजारच्यांना बोलावून टीव्ही लावला. वडिलांचं नाव आलं, कुणीतरी मोठ्याने वाचलं. मामाचं आलं, तेही वाचलं. तेवढ्यात एका शेजाऱ्याने काकांकडे वळून विचारलं, "तुमी पोरीचे कोन?"

काका आमच्या गावचे पोलीस पाटील. त्यांना असं कधी कुणी विचारलं नसावं. "थोरला चुलता," ते म्हणाले. मग त्यांचं नाव धुक्यातून वर यायला लागलं. मी नंतर मोजून पाहिलं, अकराव्या सेकंदाला ते वाचता येत होतं.

वडिलांचा फोन मामाच्या घरी आला. मागे एसटीचे आवाज होते, बूथवरून बोलत असावेत.

"काय केलंस गो तू? तुझा काका बोलतो, देवक घरातून हलनार नाय."

"बाबा, मी..."

"मी त्याला सांगितलंय, कंपूटरनं केलं. त्याच्यात नावं आपोआप पडतात म्हनून. तू पन तेच सांग."

"पण बाबा, तसं नसतं."

"तेच सांग. ताईकडं बघ जरा."

मी "बरं" म्हणाले. फोन ठेवल्यावर मामाने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, सीडी पुन्हा बनवायची आहे.

दुसऱ्या दिवसापासून मी सगळी नावं एकदम आणायच्या मागे लागले. आधी चारही नावांचं फेड इन एकाच वेळी सुरू केलं. पण मागचा लाल पडदा वरून उजळ आणि खाली काळपट होता, त्यामुळे सगळ्यात खालचं, धाकट्या काकांचं नाव आधी दिसायला लागलं. म्हणजे नवीनच भांडण. मग वाइप करून पाहिलं. त्यात डावीकडून उजवीकडे पडदा सरकल्यासारखी अक्षरं उघडत जातात. सगळी नावं सुरू एकदम झाली, पण मामाचं नाव लहान, ते पटकन संपलं. काकांच्या नावापुढे 'पोलीस पाटील' असल्यामुळे ते सगळ्यांच्या मागून पूर्ण झालं. डिझॉल्व्हमध्ये नाव कणाकणाने भरतं, ते बरं वाटलं. पण दुकानाचा कॉम्प्युटर जुना. रेंडरला, म्हणजे पक्का व्हिडिओ बनवायला लावला की अर्धा तास तसाच, आणि दुपारी लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. दोन दिवस असेच गेले.

दुकानवाला दादा मागे उभा राहून बघायचा. "नवरी मांडवात यायला येवढा वेळ लावत नाय," तो म्हणाला, "जेवढा तुझा काका लावतोय."

मला हसू आलं नाही. घरी ताई कुणाशी बोलत नाहीये, असं आईने कळवलं होतं.

शेवटी मी वाइपकडेच परत आले. प्रत्येक नावाचा वेग वेगळा ठेवला. लांब नाव भराभर उघडायचं, लहान नाव सावकाश. खालच्या काळपट भागावर थोडा उजेड टाकला. चारही नावं एकाच फ्रेमला सुरू व्हायची आणि एकाच फ्रेमला पूर्ण व्हायची. मी ते फ्रेम-फ्रेम पुढे नेऊन तपासलं. कुणीही कुणाच्या आधी नव्हतं. माझ्या समजुतीप्रमाणे प्रश्न सुटला होता.

लग्नाला चार दिवस असताना सीडी आणि दुकानातला प्लेअर घेऊन मी किन्हवलीवरून गावी गेले. काकांच्या ओटीवर टीव्ही होता. काकीने त्यावरचं विणलेलं कापड काढलं आणि आत गेली. वडील उंबऱ्यापाशीच बसले. काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी प्लेअर जोडला आणि टायटल लावलं.

चारही नावं सरकत आली आणि थांबली.

"परत लाव," काका म्हणाले.

मी परत लावलं. तिसऱ्यांदाही लावलं.

"आता ह्याच्यात पयला कोन?"

"कोणीच नाय, काका. सगळे एकदम येतात."

"म्हंजे आता कोनालाच मान नाय."

मी म्हटलं, "आधीच्या सीडीतपण तुमचं नाव पहिल्यापासून तिथंच होतं काका, फक्त दिसत नव्हतं."

"दिसत नाय त्याचं असून काय करू?"

वडील घाईने म्हणाले, "दादा, पोरीला काय बोलतोस. त्या कंपूटरनं..."

"तुझा कंपूटर!" काका पहिल्यांदाच वडिलांकडे वळले. "त्याला काय ठाव थोरला कोन नि धाकला कोन? आदी त्यानं मला मागं ढकलला, आता गर्दीत टाकला. मानसानं केला असता तं त्याच्या दारात जाऊन इचारला असता. ह्या डब्याला काय इचारू? चार लोकांत माझा पानउतारा झाला नि भांडायला समोर कोन नाय."

वडील माझ्याकडे बघत होते. गप्प राहा, असंच त्या नजरेत होतं. इथे एक शब्द चुकला तर ताईची हळद अडते, आणि बरोबर शब्द कोणता ते मला माहीत नव्हतं. मला फक्त खरं काय ते माहीत होतं.

"कॉम्प्युटरनं नाय केलं, काका. मी केलं."

"काय केलं?"

"मामाचं नाव आधी मी टाकलं. नावं आपोआप नाय पडत."

"चुकून?"

"नाय. दोन वर्षं मामाकडं जेवते. हात थांबला, मग त्याचं टाकलं."

वडिलांनी मान खाली घातली. आत काकीचं भांडी लावणं थांबलं. काकांनी टीव्ही बंद केला आणि माझ्यासमोर पाटावर येऊन बसले. नऊ वर्षांची असताना माझा पाय मोडला होता. ओढ्याला पाणी होतं, गाडी येईना, तेव्हा डोळखांबपर्यंत खांद्यावर कोणी नेली, असं त्यांनी विचारलं. शाळेच्या दाखल्यावर तुझं वय चुकीचं पडलं, तेव्हा शहापूरला किती खेपा मारल्या, तुझ्या बापाला तरी ठाऊक आहे का, असंही. मामानं दोन वर्षं जेवायला घातलं, तर आम्ही काय उपाशी ठेवली होती? आवाज चढत गेला. मी सगळं ऐकून घेतलं. खांद्यावरचं मी विसरले होते. ते आठवलं तेव्हा त्यांच्या सदऱ्याचा वास आठवला, आणि मी रडायला लागले.

"रडू नको," ते म्हणाले. "मी बोलतोय ना अजून."

आणि ते बोलतच राहिले. काकीने चहा आणून ठेवला, तो निवला. देवकाबद्दल त्यांनी शब्द काढला नाही आणि आम्हीही विचारलं नाही. घरी जाताना वडील एवढंच म्हणाले, "सांगितलेलं ऐकायचं होतंस."

पुढचे दोन दिवस निरोप नाही. आईने हळद दळून ठेवली. ताईने मला काही विचारलं नाही, आणि तेच जास्त लागत होतं. हळदीच्या सकाळी मांडवात भावकीतलं कुणी नव्हतं. सगळे आपापल्या ओटीवर उभे राहून थोरल्या घराकडे बघत होते. दहा वाजून गेले. वाशिंदहून उष्टी हळद घेऊन यायची मंडळी आमच्या भावकीच्याही आधी येणार, असं वाटायला लागलं.

मग वाजंत्री वाजली. पुढे काकी, पदराखाली देवक. मागे काका, नवा फेटा बांधून. ते अंगणात आले तशी भावकीची माणसं आपापल्या ओटीवरून उतरायला लागली. वडील पुढे झाले, काकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्याकडे पाहिलंही नाही.

दुपारी वाशिंदची मंडळी आली. मी पाणी देत होते. काका व्याह्यांशेजारी बसले होते. त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"ती बघा, चष्मेवाली. तिनं मला मामाच्या मागं टाकला."

"ते कंपूटरनं ना?" व्याही म्हणाले.

"कंपूटर काय करतो," काका म्हणाले. "तिनं केला. वर तोंडावर येऊन सांगितला."