हबीबचं पिंप

हबीब भांड्यांवर नावं घालायचा. भद्रकालीजवळच्या त्याच्या टीचभर दुकानात निम्म्या नाशकाच्या घागरींवर त्याच्या छिन्नीची टिंबं पडली असतील. स्वतःचं नाव घालावं अशी एकच वस्तू त्याने जन्मात केली, आणि तिच्यावरच घालायचं राहिलं.

पिंपळगावचा पुंजा त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. द्राक्षाचा बागाईतदार. एरंडीच्या पेंडीचा भुगा वेलींना टाकला की निम्मा वाऱ्यावर जातो, ही त्याची कायमची रड.

"पीठ उडतं, पुंजाभाऊ. ज्वारी उडत नाही," हबीब म्हणाला. "आपण त्याची ज्वारी करू."

मग दोन वर्षं दर शुक्रवारी नमाज आटोपून हा पिंपळगावला. पत्र्याचं पिंप चार पायांच्या लाकडी घोडीवर आडवं, थोडं उतरतं बसवलं, फिरवायला दांडा लावला. आत पेंड नि चाळलेलं शेणखत, वरून गुळाच्या पाण्याचा शिंतोडा. पाणी कमी पडलं की धूळ, जास्त झालं की लाडू. खरी गोम उतारात होती. कोरड्या हवेत घोडीच्या मागच्या पायांखाली एक वीट, दमट हवेत दोन. ते हबीबच्या तळहाताला कळे. पहिले दाणे टपटप गळले तेव्हा पुंजाने त्याला मिठीच मारली.

"नाशकाच्या शेतकी प्रदर्शनात नेऊ! तुझं नाव होईल, हबीबभाई!"

हबीबने हे घरी बायकोला, सकीनाला, तीनदा सांगितलं.

प्रदर्शनाच्या आधी पुंजाने लेकीच्या लग्नाची भांडी आणली, नावं घालायला. त्यात पितळेची एक गोल चकती.

"हे कशाचं झाकण?"

"हंड्याचं. मूठ मागून बसवणार हाय. माझं नाव घाल, गावासकट."

हबीबने मन लावून घातलं. पैसे घेतले नाहीत.

प्रदर्शनात ती चकती पिंपाच्या पोटावर रिव्हेट मारून बसवलेली. 'पुंजा फकिरा, पिंपळगाव.' हबीब गर्दीत मागेच उभा राहिला. कुणापुढे रडायचं? टिंबं त्याचीच होती.

त्या दिवशी आभाळ भरून आलेलं. शेतकी खात्याच्या साहेबांसमोर पुंजाने दांडा फिरवला आणि आतून लाडू पडले. लोक हसले. पुंजा घामाघूम होऊन इकडेतिकडे बघू लागला.

गप्प उभं राहायचं की नाही! पण हबीबला दाणा बिघडलेला बघवेना. तो पुढे गेला, खाली वाकला, दुसरी वीट सरकवली. थोड्याच वेळात पिंपातून ज्वारीसारखे दाणे ओघळू लागले. टाळ्या झाल्या.

साहेबांनी विचारलं, "हे कोण?"

पुंजाने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. "माझा गडी, साहेब. लय हुशार हाय."

पदक पुंजाच्या कोटावर लागलं. हबीब पायीच दुकानी आला.

पुढे बरीच वर्षं त्याने नावं घातली. पण नुसतं झाकण कुणी आणलं, मग ते शेजारच्या नूरबानोचं का असेना, तो हातात घेत नसे.

"आधी हंडा आणा," म्हणायचा. "तो बघतो, मग झाकण."