दोन-सहाच्या बांगड्या

“हात ढिला सोड, माय.”

बांगडी अंगठ्याच्या उंचवट्यापाशी अडली की मामा हे म्हणायचे, आणि म्हणताना बघायचे बोळीकडे. तुमच्या हाताकडे नाही, तोंडाकडे तर नाहीच. जवाहर गेटच्या आतल्या त्या चिंचोळ्या दुकानात गादीवर पाय दुमडून बसलेले, मान उजवीकडे वळवलेली, आणि दोन्ही हात आपले आपण काम करताहेत, जणू बोटांना वेगळे डोळे आहेत. तुमच्याही गावात असा एखादा कासार असेल. असेल तर बांगड्या भरताना त्याची मान कुठे वळते ते एकदा पाहून ठेवा. मी चोवीस वर्षं पाहिली आणि ऐन वेळी विसरले.

आता ‘ढिला सोड’ म्हटल्यावर कुणाचा हात ढिला पडतो? उलट जास्तच ताठतो. मामांना ते ठाऊक होतं. म्हणून ते लगेच भलतंच काहीतरी विचारायचे. माझं माहेर अकोल्याचं. “आकोल्याले गेली होती का एवढ्यात?” मी सांगायला लागायची, हो ना मामा, आईच्या गुडघ्यांचं सारखं चालूच असतं... आणि मी गुडघ्यांवर पोचेस्तोवर चार बांगड्या मनगटावर खळखळत असायच्या.

माझ्या हाताबद्दल थोडं सांगायला हवं. तो माझ्या बाकीच्या देहाला शोभेसाच आहे. कुठल्याही दुकानात गेले की दुकानदार एक नजर टाकून दोन-आठचा, मोठ्या मापाचा डबा काढतो. मामा मात्र एक माप लहान, दोन-सहा काढायचे. मी ओरडायची, “मामा, नाही जायच्या!” ते शांतपणे म्हणायचे, “तुहा हात दोन-सहाचाच हाय. जीव दोन-आठचा हाय, भेकड.” आणि जायच्या. दरवर्षी जायच्या. आमचे हे वकील आहेत, त्यामुळे पुरावा दिसला की उलटतपासणी करतातच. “हात दोन-सहाचा, मान्य. बाकीच्याचं माप मामा काय सांगतात?”

भरताना एखादी तडकली तर मामांचा कायदा ठरलेला. “वाढली ते माही, हातात गेली ते तुही.” तुकडे फडक्यात गोळा करायचे आणि दुसरी घ्यायची. बांगडी फुटली असं त्यांनी कधी म्हटलं नाही, ‘वाढली’च म्हणायचे, आणि बाईचा हात कडक आहे असंही कधी म्हटलं नाही. चूक नेहमी त्यांच्या बोटांची.

पुढे पुढे त्या गादीसमोर बसणाऱ्या बायका कमी होत गेल्या. मुलींच्या एका हातात घड्याळ आणि दुसऱ्यात फोन, बांगडीला जागाच कुठे? लग्नाकार्याचे संच घरबसल्या मागवता येऊ लागले. मामा कधी बोलले नाहीत, पण एकदा गेले तर ते पुसलेलेच डबे पुसत होते. माझ्या मनात आलं, आपण एवढ्या फॉलोअरवाल्या बाई, आपण काही करू नये?

तर फॉलोअरची हकीकत. मी शाळेतून आल्यावर फोनवर घरातले किस्से लिहिते. सासूबाईंच्या लोणच्याच्या बरण्या, माझं स्कूटी शिकणं, ह्यांचं घोरणं. घोरण्यावरचा किस्सा सगळ्यात गाजला. पाहता पाहता सहा हजार लोक जमले आणि माझे पाय जमिनीपासून बोटभर वर चालू लागले. हे म्हणाले, “सहा हजार लोकांना माझं घोरणं माहीत झालं. त्यातला एक अशील म्हणून आला नाही.”

ते मला झोंबलं. म्हणून मी फोनवरच तीन दिवसांचं एक शिबिर केलं. लहान धंद्यासाठी फॉलोअरचं गिऱ्हाईक कसं करावं, असा विषय. शिकवणारे तरुण आणि भलते उत्साही. म्हणाले, “फॉलोअर म्हणजे दारावरून जाणारा माणूस. त्याला उंबरठा ओलांडायला लावा.” आणखी एक म्हणाले, ते मी वहीत लाल शाईनं लिहून घेतलं: “कमेंट कसलीही असो, पुसू नका. उत्तर द्या. जिथे बोलणं चालू असतं तिथे गर्दी होते.” मी मास्तरीण आहे. वहीत लिहिलेलं मी पाळते.

आधी बांगड्यांचे फोटो टाकले. लाल बदामांचा नुसता पाऊस. मामांना दाखवायला गेले. त्यांच्याकडे बटणांचा फोन. त्यांनी माझा फोन लांब धरून पाहिला.

“हे बदाम कायचे?”

“लोकांना आवडलं, मामा.”

“मंग आले काहून नाई?”

ते हसले. “दाबू दे बदाम. बदामानं बांगडी भरत नाई, माय. हात आना लागते.”

आणि माझ्या डोक्यात वीज चमकली. अरे, हेच तर! बांगडी कुठेही मिळते. मामांचं भरणं कुठे मिळतं? तेच दाखवायचं. फोन एका डब्याला टेकवून उभा केला आणि माझाच हात पुढे केला. मामांनी नेहमीसारखी मान बोळीकडे वळवली, अकोल्याचं विचारलं, आणि दोन-सहाच्या सहा बांगड्या भरल्या.

घरी येऊन मी ते चाळीस सेकंदांत बसवलं. तोंडं दिसायला नकोत म्हणून फक्त दोघांचे हात ठेवले. मागे बोळीतला कालवा होता म्हणून आवाज काढून टाकला आणि एक जुनं प्रेमगीत घातलं. म्हणजे मामांची वळलेली मान गेली, आणि अकोलाही गेलं. उरला काय, तर एका म्हाताऱ्याच्या हातात एका बाईचा हात, आणि मागे ते गाणं. मला तेव्हा ते फार सुंदर वाटलं. कोणीतरी मला थांबवायला हवं होतं असं लिहिणार होते, पण खरं म्हणजे मी कोणाला विचारलंच नव्हतं.

पहिल्या दिवशी बायकांनी आठवणी लिहिल्या. दुसऱ्या दिवशी एकानं लिहिलं, “बुढ्याची ऐश हाय. आपल्याले बी असाच धंदा पायजे.” त्याच्याखाली आणखी दहा. पुढची मी इथे लिहीत नाही.

मी वाचलं. पुसायला बोट पुढे झालं होतं, हे मी कबूल करते. पण वही आठवली, लाल शाई आठवली. शिवाय हात माझाच होता. मी स्वतःवर हसायला सोकावलेली बाई. मला वाटलं, हसलं तर मलाच हसताहेत, त्यात काय! मी उत्तर दिलं: “या ना शिकायला! दुकान दहाला उघडतं.” पुढे तीन हसरे चेहरे. माझ्या त्या उत्तरावर शेकडो लोक हसले. इतके तर ह्यांच्या घोरण्यावरही हसले नव्हते.

आणि गिऱ्हाईक आलं! तेच सांगायला लाज वाटते, की शिबिरातलं सगळं खरं निघालं. बडनेऱ्याहून बायका आल्या, अंजनगावहून एक अख्खं वऱ्हाड आलं, अकोल्याहून माझी वर्गमैत्रीण आली. मामांनी आरसा नवा लावला, गादीला खोळ शिवली. मला बघून गादीवरूनच ओरडले, “ये माय! तुह्या बदामायले हात फुटले!” मी त्या दिवशी घरापर्यंत पायी गेले. रिक्षात माझा आनंद मावला नसता.

महिनाभरानं मी दुकानात असताना कॉलेजच्या तीनचार मुली आल्या. एकीनं हात पुढे केला, दुसरीनं फोन धरला. “मामा, हात पकडा ना तसा! त्या रीलमधल्यासारखा!” सगळ्या खुदुखुदु हसल्या. मामांची मान बोळीकडे वळलेली होती, ती पहिल्यांदा मी सरळ होताना पाहिली.

“तसा म्हंजे कसा?” त्यांनी विचारलं.

मुली आणखी हसल्या. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी डब्यातल्या बांगड्यांचे रंग पाहू लागले.

पुढच्या आठवड्यात गेले तर काउंटरवर पारदर्शक पन्न्यांचा एक गठ्ठा ठेवलेला. तुम्हाला माहीत असेल, हातावर पातळ प्लास्टिकची पन्नी चढवली की बांगडी सरकते, स्वतःची स्वतःला भरता येते. मामांना त्या प्रकाराची चीड होती. ‘पन्नीनं भरते ते काय भरनं! हात हाय का सामान, पन्नीत बांधाले?’ असं तेच म्हणायचे. आता एक बाई उभ्यानं पन्नी घालून बांगड्या चढवत होती आणि मामा हात मांडीखाली घेऊन बसले होते.

ती गेल्यावर त्यांनी एक पन्नी माझ्यापुढे सरकवली. “घ्या, मॅडम.”

चोवीस वर्षांत मी मॅडम नव्हते.

“मामा, काय झालं?”

“काई नाई.” ते बोळीकडे पाहत म्हणाले. “पोरगी दिली ना आकोल्याले. तिच्या घरी पाह्यलं सगळ्यायनं. दिरानं वाचून दाखवलं जेवताना, कोन कोन काय काय लिवलं ते. तिचा फोन आला होता. रडत होती.”

“मामा, लोक काहीही लिहितात हो. ती नालायक माणसं...”

“लोकायचं नाई म्हनत मी.” त्यांनी पन्न्यांचा गठ्ठा सरळ केला. “तुमी बी हासल्या म्हने.”

मला आजवर शाळेत, घरात, ह्यांच्याकडून, सासूबाईंकडून पुष्कळ ऐकावं लागलं आहे आणि मी प्रत्येकाचा किस्सा केला आहे. ह्या चार शब्दांचा झाला नाही. मी तिथल्या तिथे व्हिडिओ काढून टाकला. “काढला, मामा,” म्हटलं. ते म्हणाले, “बरं केलं.” रागावून नाही. शेजारच्यानं दारापुढचा कचरा उचलला तर म्हणतो ना आपण, तसं.

मग बडनेऱ्याच्या कुणीतरी बांगड्यांच्या फोटोंखाली लिहिलं, ‘व्हिडिओत दाखवलं तसं तिथे काही नाही, स्वतःच भरून घ्याव्या लागतात.’ फॉलोअर आले त्याच वाटेनं गेले. मी ती कमेंट पुसली नाही. ती खरी होती.

त्याच वर्षी आमच्या लेकीचं लग्न ठरलं. लहानपणी ती मामांच्या गादीवर बसून फुटके तुकडे रंगांप्रमाणे लावायची, आणि मामा म्हणायचे, “हिचा चुडा मी भरीन.” मी आमंत्रणाची पत्रिका घेऊन गेले. आयुष्यात कधी एवढी अवघडून दुकानाची पायरी चढले नव्हते. “मामा, चुडा तुम्हीच भरायचा. तिला दुसऱ्या कोणाचा हात चालायचा नाही.”

त्यांनी पत्रिका कपाळाला लावली. “येतो न.” मला वाटलं, मिटलं. माणसाला मिटायलाच हवं असतं, म्हणून ते वाटतं.

चुड्याच्या दिवशी घर बायकांनी भरलेलं. पाट मांडला, रांगोळी काढली. अकरा वाजले, बारा वाजले. मग दारात मामी आल्या, मामांची बायको, कडेवर मोठा पुठ्ठ्याचा खोका घेऊन. मी त्यांच्या मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

“त्यायनं पाठवल्या,” मामी म्हणाल्या. मग मला जरा बाजूला घेतलं. “राग नोको मानू, बाई. ते म्हने, लगनघर हाय, चार जनं फोन काढतीन. नवरीच्या हातावरून कोनी काई लिवलं, तर मले सोसनार नाई.”

मी चहा ठेवला. मामींनी सांगितलं की दुकान दिवाळीपर्यंतच आहे. मग दोघं तेल्हाऱ्याला, मामांच्या धाकट्या भावाकडे.

खोका उघडला. आत वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या पुड्या, प्रत्येकीवर जाड पेन्सिलीनं नाव आणि माप. सासूबाई, नणंद, माझी आई, जावेची सून. माप कोणी दिलं नव्हतं. आजारपणात वाळलेल्या नणंदेचं मापसुद्धा एक पायरी उतरवून बरोबर लिहिलेलं. तिला त्यांनी एकदाच, ओझरतं, देवळापाशी पाहिलं होतं. नवरीच्या हिरव्या चुड्यात रीतीप्रमाणे एक बांगडी जास्तीची. पन्नी मात्र एकही नव्हती.

लेकीला चुडा मी भरला. मान वळवली, भिंतीकडे पाहिलं, तिला तिच्या ऑफिसचं विचारलं. दोन बांगड्या वाढल्या. “माझी चूक,” मी म्हटलं. ती म्हणाली, “आई, रडू नको, अजून पाठवणीला वेळ आहे.”

माझी पुडी मी सगळ्यात शेवटी सोडली. वर लिहिलं होतं, ‘आकोल्याची माय’. खाली ‘दोन-सहा’.

लग्नात मी बाजारातल्या दोन-आठच्या घातल्या. हात वर केला की त्या कोपरापर्यंत जायच्या. अक्षता टाकताना सारखा आवाज व्हायचा. पुडी कपाटात आहे. दुकानाचं शटर कधीचं खाली आहे, आणि अजून कोणीतरी महिन्या-पंधरा दिवसांनी विचारतं, ‘ते बांगडीवाले मामा अजून भरतात का हो?’ मी उत्तर देत नाही. वहीतला तेवढा नियम मी मोडला.

कधी दुपारी घरात कोणी नसलं की मी पुडी काढते. एक बांगडी घेते, खिडकीबाहेर बघते आणि स्वतःलाच विचारते, अकोल्याला गेली होती का? साबण लावून पाहिला. बांगडी अंगठ्याच्या उंचवट्यापर्यंत येते आणि तिथेच थांबते. मी हात ढिला सोडते. सोडता येईल तेवढा सोडते.